हेडफोनमधला सराव

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत ढोल चालतो, डीजे चालतो, माझा पियानोच तेवढा खुपतो. खालच्या मल्होत्रा आंटींनी तक्रार केली, तेव्हा मी वैतागून इलेक्ट्रिक पियानोला हेडफोन लावले. तरी रोज दुपारी त्यांचा इंटरकॉम यायचाच. खोटारडी बाई!

सराव मात्र छान चालला होता. समोरच्या मोबाइलवर ॲप कॉर्डचं नाव दाखवायचं, मी झटकन तिन्ही सूर एकदम दाबायचे आणि हिरवी खूण उमटायची. अलीकडे तर एकही चूक नाही.

शनिवारी माझा नवरा राघव चहा घेऊन आला. "तू बरोबर वाजवलंस, हे ॲपला कळतं कसं?"

"मोबाइलच्या माइकमधून ऐकतं ना."

"पण आवाज तर हेडफोनमध्ये जातोय. मला इथे नुसती पट्ट्यांची टकटक ऐकू येतेय."

मी पियानो बंद केला आणि हात मांडीवर घेतले. स्क्रीनवर 'एफ मायनर' आलं. आम्ही दोघं बघत राहिलो.

हिरवी खूण उमटली.

पाठोपाठ इंटरकॉम वाजला. आंटीच होत्या.

"बेटा, फिर शुरू हो गई?"