शोभेची पिन

मी एक जुना, दोन छिद्रांचा विजेचा सॉकेट आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. मलाच माणसांची कीव येते.

मला भिंतीत बसवले तेव्हा तिथे पाणी नव्हते. वीस वर्षे मी इमानाने पंखा चालवला. कौतुक कुणी केले नाही. मग घरमालकांनी माझ्या खालीच नळ घेतला आणि शेजारी कपडे धुण्याचे मशीन आणून ठेवले. त्याच्या प्लगला तीन पिना होत्या. वायरमन म्हणाला, "सॉकेट बदला, पाण्यापासून लांब घ्या आणि अर्थिंग करून घ्या."

मालक अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले. त्यांनी अर्थिंगची तिसरी पिन करवतीने कापली आणि प्लग माझ्यात खुपसला. "ती शोभेची असते गं," असे बायकोलाही समजावले.

मशीन झिणझिण्या देऊ लागले. उपाय काय? शेजारी रबरी चप्पल! रोग म्हशीला आणि औषध पखालीला. घरात तिला 'मशीनची चप्पल' म्हणत आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवत.

एका सकाळी मालक तीच चप्पल घालून दुकानात गेले. धाकटी लेक आंघोळ करून ओल्या पायांनी आली, तिने मशीनला हात लावला आणि तिथेच चिकटली. तिला ओरडताही येईना. वीज माझ्यातून जात होती आणि मला स्वतःला बंद करता येत नव्हते. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. तिची आत्या मात्र शहाणी. पोरीला हात न लावता तिने धावत जाऊन आधी मेन स्विच पाडला. पोरगी खाली कोसळली आणि मग रडू लागली. ते रडणे ऐकून माझ्या जिवात जीव आला.

तळहात भाजलेल्या लेकीला डॉक्टरकडे न्यायची गडबड चालली होती, तेवढ्यात मालक परतले. त्यांचा पहिला प्रश्न काय असावा?

"चप्पल का नाही घातलीस?"

"दादा, ती तुझ्या पायात आहे," आत्या म्हणाली. "काढ आणि माझ्या हातात दे. तिचा खरा उपयोग मी दाखवते."

वायरमनने मला उपटले. आता मी ड्रॉवरमध्ये पडून आहे, शेजारी ती कापलेली पिन. मित्रांनो, ओल्या हातांनी माझ्या भावंडांना शिवू नका आणि झिणझिण्यांची सवय करून घेऊ नका. मालकांना सांगून उपयोग नाही. घरात काही बिघडले की ते अजूनही पक्कड घेऊन निघतात. मग धाकटी ड्रॉवर उघडते आणि ती शोभेची पिन, डाग पडलेल्या तळहातावर ठेवून, त्यांच्यासमोर धरते.