हॉटेलांची वाटणी

घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्याच दुपारी आम्ही हॉटेलंही वाटून घेतली. घर भाड्याचं होतं, मूलबाळ नव्हतं, फ्रिज त्याच्या बहिणीने आधीच नेला होता. शहर काही लहान नाही, पण बारा वर्षांत आमची जेवायची ठिकाणं ठरून गेली होती. तिथे अचानक एकमेकांसमोर यायची वेळ नको, एवढ्यावर मात्र आमचं एकमत झालं.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. खिशातला दुरुस्तीचा एक कोरा फॉर्म काढून त्याने मागच्या बाजूला दोन रकाने आखले. अंगात कणकण असली की सूप प्यायला जायचो ते पुलाखालचं हॉटेल मला. माशांची हुक्की आली की जायचं ते बंदरावरचं त्याला. वाढदिवसाचं मला, रविवारच्या आमलेटचं त्याला. भांडण मिटवायला आम्ही एका जागी जायचो. तिथे टेबलं इतकी खेटून असतात की आवाज चढवायची सोयच नाही. ते दोघांनाही नको होतं.

शेवटी स्टेशनमागची बेकरी उरली. भट्टीतला कडक पाव आणि भाजलेली कोंबडी. काही चांगली बातमी असली की आम्ही तिथे जायचो.

"तू घे," तो म्हणाला.

"नको, तूच घे."

"बरं," म्हणून त्याने ती आपल्या रकान्यात लिहिली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मी कॉफी संपवली आणि कामावर गेले.

पुढे वर्षभर असंच चाललं. वाढदिवसाला मी माझ्या वाट्याच्या हॉटेलात एकटीच गेले. वेटरने केकवर मेणबत्ती लावून आणली, मी ती फुंकली. केक गोड होता. ताप आला तेव्हा सूप प्यायले, ते गरम होतं. याहून जास्त काही सांगता आलं नसतं. मैत्रीण म्हणायची, "अगं, एकदा मोकळेपणी रड तरी." मी प्रयत्न करून पाहिला. बाथरूमचा नळ सोडून पाच मिनिटं उभी राहिले, मग पाणी वाया जातंय म्हणून बंद केला.

मी कवळ्या करते. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, वर आमची खोली. प्लॅस्टरचा पांढरा थर सगळीकडे. जेवणाचा डबा उघडायच्या आधी झाकण पुसावं लागतं. मापं येतात, आम्ही मेणात दात बसवतो. माणसं सहसा दिसत नाहीत, नुसते जबडे दिसतात. काम मला बरं वाटायचं.

एका मंगळवारी दार ढकलून सासूबाई आत आल्या. म्हणजे माजी सासूबाई. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे कुठल्याही खोलीत त्या वर्गात शिरल्यासारख्याच शिरतात. तीन जिने चढून आल्या होत्या.

"लिफ्ट होती ना," मी म्हणाले.

"लिफ्टचं नाव काढू नकोस. तो घरी आला की दुसरा विषय नसतो." त्यांनी रुमालातून कवळी काढून माझ्यासमोर ठेवली. "ही टोचते. खाली दवाखान्यात कळलं, वर तूच बसतेस. म्हटलं, बघू या, अजून ओळखतेस का."

चौदा महिन्यांनी भेटत होतो. मी त्यांना खुर्ची दिली आणि कवळीवर निळ्या पेन्सिलीने खूण केली. त्यांच्या हिरडीवर उजवीकडे लाल चट्टा होता. मी थोडं घासलं, त्यांनी लावून पाहिली, पुन्हा घासलं. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "हं. आता माझे दात वाटतात."

"घरी सफरचंदाची पातळ फोड चावून बघा."

"सफरचंद कशाला? मला तो कडक पाव खायचाय, स्टेशनमागचा. वर्षभर दुधात बुडवून खातेय. आवर, तूही चल माझ्याबरोबर."

"आई, मला तिथे नाही येता येणार." 'आई' तोंडून निघून गेलं, दुसरं काय म्हणायचं ते मला सुचलंही नसतं. "ते त्याच्या वाट्याला आहे."

"कशाच्या वाट्याला?"

मी सांगितलं. सूप, मासे, वाढदिवस, सगळं. त्या आधी हसल्या. इतक्या, की नव्याने बसवलेली कवळी हाताने धरावी लागली. मग हसू थांबलं.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मी कुणाच्या रकान्यात?"

मी पेन्सिलीला टोक करत बसले. आम्ही त्यांना धरलंच नव्हतं. बारा वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडे जेवलेली मी, त्यानंतर एक फोन केला नव्हता. त्यांना अवघडल्यासारखं होईल, असं स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे मी स्वतःलाही काहीच सांगितलं नव्हतं, नुसती थांबले होते.

"तुम्हाला विसरलो आम्ही," मी म्हणाले.

"तेच म्हणते मी." त्यांनी पर्स उचलली. "चल आता, भूक लागलीय."

बेकरीत गर्दी नव्हती. जुना वेटर धावत आला. "बऱ्याच दिवसांनी! साहेबही वर्षभरात आले नाहीत. म्हटलं, गाव सोडलं की काय." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाव आला. त्यांनी त्याचा कडेचा तुकडा मोडला, उजवीकडे सावकाश चावला. कुरकुर आवाज मला समोर ऐकू आला.

"टोचतंय?"

"नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "तू खा की."

मी खाल्लं. पाव चांगला होता. तो चांगला आहे हे मला कळत होतं, आणि निदान एवढं तरी कळतंय, हे लक्षात आलं. रडू मात्र आलं नाही. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर वाळलेलं कामाचं प्लॅस्टर नखाने खरवडून काढलं.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. "आईंबरोबर तुझ्या बेकरीत गेले होते."

"हो का." पलीकडे कुठलीतरी मोटर घरघरत होती. "कशी आहे ती?"

"बरी आहे. कवळी बसली नीट."

त्याने मोटर बंद केली. "मला एकट्याला तिथे जावंसं वाटेना. तू जात जा."

"बरं," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सासूबाईंचाच फोन आला. नगरवाचनालयाजवळ नवीन हॉटेल उघडलंय, सहाला ये, उशीर नको. मी पाच मिनिटं आधीच पोचले. जेवण बेताचंच होतं, भात थोडा कच्चा. त्यांनी ताट पुसून खाल्लं, आणि निघताना वेटरला खिडकीजवळचं टेबल पुढच्या गुरुवारसाठी ठेवायला सांगितलं, दोघींसाठी.