शेवटचा वाफा आधी

"अहो जाऊबाई, पाणी सरळ ओढ्याला चाललंय! बसल्या बसल्या झोपलात की काय?"

धाकटी जाऊ ख्रिस्ती देवळात रविवारच्या प्रार्थनेला निघाली होती. नवी चप्पल चिखलात नको म्हणून हातात. थोरली बांधावर पाटात पाय सोडून बसलेली, फावडं शेजारी आडवं. हंगामातली पाण्याची ही शेवटची पाळी. देवळाची दुपारची घंटा झाली की पाटकरी वरचं दार पाडून पाणी तोडणार.

"जाऊ दे," थोरली म्हणाली.

"मग देवळात तरी चला."

"गेल्या रविवारी आले होते की. बाकाला जेवढं वाटतं तेवढंच मला वाटलं."

"बाक निदान कुणाला बसायला तरी देतो!"

थोरलीला राग यायला हवा होता. आला नाही. नवरा गेल्यापासून असंच होतं. रडू नाही, भूक नाही. पाटाचं पाणी हाडं गोठवणारं, पण तिला ते कळतही नव्हतं. पाय जणू शेजारणीचे.

"पिकवायचं तरी कुणासाठी?" ती म्हणाली.

"तुमचा गहू खुशाल वाळू द्या. म्हातारीचा घेवडा कशाला वाळवता?"

थोरलीनं मान वर केली.

टोपल्या विणणाऱ्या आंधळ्या म्हातारीचा तुकडा यांच्या शेताच्या खाली होता. तिला स्वतःची पाळी नव्हती. पाणी पोचायचं ते यांच्याच शेतातून. सगळं गाव पाटाच्या तोंडाजवळचा वाफा आधी भिजवतं. थोरलीचा नवरा मात्र आधी म्हातारीचा तुकडा भिजवायचा, मग आपला शेवटचा वाफा, आणि तसाच वर यायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "पाणी मालकाचं. प्रभूनं आपल्याला नुसती पाळी दिलीय. ती संपायच्या आत लांबचं पोचवावं, जवळचं काय पळून जातंय?"

मागच्या पाळीलाही थोरली अशीच बसून राहिली होती.

"म्हातारी काही बोलली?"

"काय बोलणार? पानं चाचपते, अन् तुमच्यासाठी प्रार्थना करते." धाकटी चालायला लागली.

थोरली उठली. मनात काही हललं म्हणून नव्हे. हात फावड्यावर पडला म्हणून. ओढ्याकडची वाट तिनं चिखलानं बुजवली, खालचा बांध फोडला. जमीन बोटभर भेगाळलेली. पाणी आधी भेगांतच उतरत राहिलं, पुढं सरकेना. ती वाकून बघत राहिली. एकेक भेग भरली, बुडबुडे आले, मग कुठं पाण्याचं तोंड घेवड्याकडं वळलं.

देवळातून गाणं ऐकू आलं. तिचे ओठ हलले. "प्रभू, मला काही वाटत नाही. पण पाण्याला दारं धरते."

म्हातारीचा तुकडा भिजला. मग आपला शेवटचा वाफा, त्याच्या वरचा, त्याच्याही वरचा. तेवढ्यात घंटा झाली. पाटातलं पाणी बारीक झालं, तुटलं. तोंडाजवळचे वाफे, अगदी हाताशी असलेले, कोरडेठाक राहिले. सकाळचं पाणी ओढ्यानं नेलं होतं. ते काही परत येणार नव्हतं.

धाकटी परतली. "किती झालं?"

"म्हातारीचं सगळं. आपलं निम्मं."

"आणि आता कसं वाटतंय?"

थोरलीनं खाली पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल.

"पाय गारठलेत गं," ती म्हणाली.

धाकटीनं हातातली नवी चप्पल थोरलीपुढं ठेवली.