मागची विमानं राहू दे

उत्तरेश्वरला बढाईची हौस होती असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं. हौस काय, सगळ्यांनाच असते हो. याला भूक होती. बार्शीकडून पुण्यात येऊन उभा जन्म गेला, हडपसरच्या कारखान्यात हेल्परचा फोरमन झाला, बिबवेवाडीत दोन खोल्यांचा का होईना फ्लॅट झाला, तरी समोरच्यानं आपल्याला मोठं म्हणावं यासाठी हा माणूस आतून तळमळत असायचा. आणि नेमका खालच्या मजल्यावर राहायला आला वैजनाथ. गावचाच, वर्गातलाच. त्याचा पोरगा अभिनव खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. रोज सकाळी त्याला न्यायला कंपनीची गाडी दाराशी यायची, आणि ती आली की वैजनाथ मुद्दाम गॅलरीत उभा राहून दात घासायचा. सगळी गल्ली बघेपर्यंत त्याचे दात काही स्वच्छ व्हायचे नाहीत.

उत्तरेश्वरची एकुलती एक पोरगी राजनंदिनी विमान चालवायला शिकली होती. लायसन्स हातात पडलं आणि त्याच वर्षी मंदी आली. होते त्या पायलटांनाच कंपन्या घरी बसवायला लागल्या, तिथं नव्यांना कोण विचारतो! दोन वर्षं ती एका कॉल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या खात बसली. वैजनाथच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

"काय उत्तरेश्वर, कन्येचं विमान कुठं लावता हो? बिबवेवाडीत पार्किंगची मारामार आहे, म्हणून आपलं विचारलं."

हे तो हसत, अगदी आपुलकीनं विचारायचा. उत्तरेश्वर मूग गिळून जिना चढायचा आणि राग काढायचा पोरीवर. "शिकलीस काय नि करतीस काय! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." पोरगी हेडफोन लावून लावून दुखरे झालेले कान चोळत ऐकून घ्यायची. त्याची बायको सुंदराबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "जो बोलला त्याला बोला की. तिला कशाला?" पण जो बोलला त्याला बोलायला छाती लागते. ती उत्तरेश्वरकडे घरापुरतीच होती.

आणि मग लागली की नोकरी! पुण्याहून नागपूर, हैदराबाद, गोवा अशी लहान विमानं उडवणारी एक कंपनी होती, तिनं राजनंदिनीला सहवैमानिक म्हणून घेतलं. सहा महिने प्रोबेशन. त्या काळात बारीकसं काही वाकडं झालं तरी घरी, आणि एकदा असं घरी पाठवलेल्या पायलटाला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही, हे तिनं आईबापाला समोर बसवून सांगितलं होतं. म्हणून ती घड्याळ लावून झोपायची, घड्याळाच्या आधी उठायची. पांढऱ्या शर्टाला इस्त्री स्वतः करायची, आईलाही हात लावू द्यायची नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आली तेव्हा सुंदराबाईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी आत आली, बूट न काढताच पलंगावर बसली आणि मोबाइल पुढं केला.

"आई, बाबा, हे बघा. पण कुणाला दाखवायचं नाही हं. आपलं विमानतळ एअरफोर्सचं आहे, आत फोटो काढायला सक्त मनाई असते. आमच्या इंजिनीअरनं गुपचूप काढला, मला मोह आवरला नाही. उद्या पुसून टाकणार आहे."

फोटोत ती विमानाच्या शिडीला हात लावून उभी होती. खांद्यावर पट्ट्या, आणि हसू असं की सुंदराबाईला भरूनच आलं. उत्तरेश्वरनं फोटो जवळ नेऊन, लांब नेऊन बघितला.

"एवढंसंच विमान? आणि हे पंखे कसले?"

"बाबा, सत्तर माणसं बसतात त्यात."

"नाही, चांगलं हाय. पण ही मागची भारी दिसतात बघ."

मागं लांबवर करड्या रंगाची लढाऊ विमानं ओळीनं उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरच्या मुक्कामाची बॅग भरत होती. उत्तरेश्वर म्हणाला, "दे तुझा मोबाइल, रिचार्ज मारून आणतो." पोरीला केवढं बरं वाटलं! बापानं आपणहून काही करायची तिच्या आठवणीतली ती दुसरी-तिसरी वेळ असेल. बाप खाली उतरला तो थेट मच्छिंद्रच्या दुकानात. मच्छिंद्र फ्लेक्स छापायचा आणि पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायची स्वप्नं बघायचा. गल्लीत कुणाचं बारसं असो की तेरावं, बोर्डावर गॉगल घातलेला मच्छिंद्र असायचाच.

"काका, कॉम्प्युटरवर मागं जंबो जेट टाकतो," तो म्हणाला. "ताई न्यूयॉर्कला निघाल्यात असं वाटेल."

"नको. वैजनाथ म्हणंल, कॉम्प्युटरवर केलंय. खरंच हाय हे दिसलं पाहिजे."

"मग मागची ती बारकी बारकी तरी काढतो. गर्दी होतीय."

"मागची विमानं राहू दे," उत्तरेश्वर म्हणाला. "वजन पडतंय."

आता कुणी म्हणेल, बिचारा साधा माणूस, त्याला काय कळतंय. कसला साधा! पोरीनं तोंडावर सांगितलं होतं. सक्त मनाई हे दोन शब्द कारखान्याच्या गेटवर तो रोज वाचत होता. त्याला सगळं कळत होतं, फक्त वैजनाथचं पडलेलं तोंड त्याहून जास्त दिसत होतं.

तिला फोन परत दिला, ती नागपूरला गेली, आणि दुसऱ्या सकाळी फ्लेक्स लागला. 'बिबवेवाडीची कन्या, आकाशाची राणी.' मधोमध राजनंदिनी, मागं सगळी विमानं, वर मच्छिंद्र, आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेला उत्तरेश्वर: 'शुभेच्छुक व अभिमानी पिता.' बरोब्बर वैजनाथच्या गॅलरीसमोर. त्या दिवशी वैजनाथनं दात आतमध्ये घासले. उत्तरेश्वर टपरीवर दोनदा चहा प्यायला आणि दोन्ही वेळा तिथूनच प्यायला, जिथून बोर्ड नीट दिसत होता.

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण भूक ती. त्यानं मच्छिंद्रला दुसरा फ्लेक्स छापायला लावला आणि येरवड्याच्या चौकात, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लावून घेतला.

"तिचे साहेब लोक त्याच रस्त्यानं जातात," तो म्हणाला. "कळू दे की त्यांना, कुणाची पोरगी हाय ती."

कळलं की. सगळ्यांना कळलं. राजनंदिनी नागपूरहून येऊन विमानातून उतरली तेव्हा खालीच माणूस उभा होता, तिला तसाच ऑफिसात घेऊन गेला. कंपनीचे प्रमुख हवाई दलातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी येरवड्याचा बोर्ड स्वतः बघितला होता. तिचा पास काढून घेतला आणि म्हणाले, "फोटो काढून घेतलास, हा गाढवपणा. तेवढं लेखी ताकीद देऊन मी मिटवीन. पण तो चौकात लावायला तू दिला असशील, तर मी काही करू शकत नाही. तू दिलास?"

"नाही सर. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"मग वडिलांना घेऊन ये. न विचारता घेतला एवढं त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्यांपुढं सांगितलं, की तू सुटलीस."

घरी येऊन ती ओरडली नाही, रडली नाही. बोर्डाखालूनच आली होती. बापापुढं खुर्ची ओढून बसली.

"बाबा, तुम्ही रिचार्जच्या वेळी घेतलात ना?"

"हो. म्हटलं, तुला तेवढंच..."

"ते राहू दे. उद्या एवढंच सांगायचं. न विचारता घेतला. बास. तुम्हाला समज देऊन सोडतील, सरांनी विचारून ठेवलंय. माझी नोकरी तेवढ्या एका वाक्यावर आहे, बाबा."

"सांगतो की! त्यात काय? बाप हाय मी तुझा." उत्तरेश्वर म्हणाला. त्या क्षणी तो खरंच सांगणार होता. पोरीनं त्याचा हात हातात घेतला, आणि सुंदराबाईनं गॅसवर चहा टाकला. त्या घरात असं बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

पण संध्याकाळी खाली मच्छिंद्र भेटला. तो घाबरून आधीच दोन्ही बोर्ड उतरवून, गुंडाळून जिन्याखाली टाकून मोकळा झाला होता. "काका, कबूल केलं की तुमच्यावर शेकणार बघा," तो कुजबुजला. "उद्या पेपरात आलं तर कारखान्यात काय तोंड दाखवणार? आणि तुमचे ते वैजनाथ, ते तर पेढे वाटतील."

कारखान्याचं राहिलं बाजूला. पेढ्यांचं मात्र उत्तरेश्वरच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलापलीकडे सुरक्षा अधिकारी, बाजूला कंपनीचे प्रमुख, अलीकडे बाप आणि लेक. बापानं पांढरा सदरा घातला होता, लेकीनं युनिफॉर्म. अधिकारी काही रागीट नव्हता. त्यानं पाणी विचारलं, मग साध्या आवाजात म्हणाला, "बोला. फोटो तुमच्याकडे कसा आला?"

"मोबाइलमधून," उत्तरेश्वर म्हणाला.

"मुलीच्या? तिला न विचारता?"

राजनंदिनीनं बापाकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती.

"म्हणजे चोरून घेतलात?" अधिकाऱ्यानं लिहिता लिहिता विचारलं.

झालं. त्या एका शब्दावर उत्तरेश्वरच्या मानेची शीर ताठ झाली. चोरून! जन्मभर कारखान्यातला साधा नट कधी घरी नेला नाही, आणि आज पोरीदेखत चोर? आणि हे खाली वैजनाथला कळलं म्हणजे?

"चोर नाही मी, साहेब," तो म्हणाला. "तिनंच दिला. म्हणाली, लावा चौकात."

प्रमुखांनी राजनंदिनीकडे बघितलं. ती 'नाही' म्हणाली असती, तर बापाला खोटं पाडावं लागलं असतं, परक्या माणसांपुढं, तोंडावर. तिनं तोंड उघडलं, मिटलं. उत्तरेश्वरला दिसलं ते. त्याला वाटलं, आता बोलेल, आणि खरं सांगायचं तर मनात कुठंतरी वाटलंही की बोलावं तिनं. पण तो स्वतः गप्प बसला.

"खरं आहे का हे?" प्रमुखांनी विचारलं.

"बाबा म्हणतात तर असेल, सर," ती म्हणाली.

खांद्यावरच्या पट्ट्या तिनं तिथंच काढून टेबलावर ठेवल्या. कुणी मागितल्याही नव्हत्या.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "दुसरी मिळंल गं. तू हुशार हायस." ती बाहेर बघत राहिली. येरवड्याच्या चौकात बोर्डाचा नुसता सांगाडा उभा होता. पुढचा आठवडाभर उत्तरेश्वर टपरीवर सांगत फिरला, "आजकालच्या पोरांना मोबाइलचं भान नाही हो. मी बजावलं होतं, देऊ नको फोटो. ऐकतंय कोण बापाचं!" सांगता सांगता त्याला ते खरं वाटायला लागलं. वैजनाथ मान हलवून ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "खरं आहे. तुमची काय चूक?" उत्तरेश्वरला अगदी हलकं वाटायचं.

असाच एक दिवस तो कारखान्यातून आला, तर खाली चार माणसं मान वर करून उभी. त्यानंही वर बघितलं. त्याच्याच घराच्या गॅलरीला फ्लेक्स लावला होता. मच्छिंद्रनं जिन्याखाली टाकलेली गुंडाळी कुणीतरी उलगडून, सुतळीनं गजांना आवळून बांधली होती. मधली राजनंदिनी कात्रीनं कापून काढली होती, नेमकी कडेकडेनं. तिच्या जागी माणसाएवढं भोक, भोकातून घरातला दोरीवरचा टॉवेल दिसत होता. बाकी सगळं जागच्या जागी. मागची विमानं होती. आणि खाली कोपऱ्यात हात जोडून तो स्वतः: 'अभिमानी पिता.'

वैजनाथ आपल्या गॅलरीत उभा होता. हातात ब्रश नव्हता तरी उभा होता.

उत्तरेश्वर तडातड जिना चढला. सुंदराबाई भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. राजनंदिनी कॉल सेंटरला जायची पर्स भरत होती. जुनी जागा तिला परत मिळाली होती.

"कुणी लावलं ते?" तो ओरडला.

"मीच लावलं, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "फोटोसुद्धा मीच दिला होता ना?"

तो सुतळी सोडायला गॅलरीत गेला. खालची चार माणसं अजून वरच बघत होती. सोडली तर का सोडली ते विचारणार, आणि वैजनाथ तर हसत, अगदी आपुलकीनं विचारणार. उत्तरेश्वरनं गाठीवरचा हात मागं घेतला आणि आत येऊन जेवायला बसला.