सात घरचे सारंग

महरीन सारंग रत्नागिरीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, एवढ्या कारणावरून हे काम तिच्या गळ्यात पडलं.

तिचा चुलतभाऊ यासीन कतारला नोकरी करतो. सुट्टीत नाट्याला आला होता, तेव्हा एका निकाहाच्या मंडपात त्याची कोणाशी तरी बोलाचाली झाली. नाट्यातले, जैतापुरातले आणि रत्नागिरीतले सगळे सारंग एकाच माणसाची औलाद की नाही, असा प्रश्न होता. जहाजावरच्या खलाशांच्या म्होरक्याला सारंग म्हणतात. तेव्हा ज्याच्या ज्याच्या पणजोबाने खलाशांवर हुकूम चालवला तो तो सारंग झाला असणार, त्यात रक्ताचं काय, असं समोरच्याचं म्हणणं. यासीनला ते झोंबलं. कतारला परतल्यावर त्याने सात घरांतल्या सात पुरुषांची डीएनए चाचणी करायचं ठरवलं, एका परदेशी प्रयोगशाळेचे डबे मागवले आणि महरीनच्या पत्त्यावर पाठवून दिले.

"तू फक्त गालाच्या आतून काडी फिरवायची आणि पार्सल करायचं," तो फोनवर म्हणाला.

"आणि माझा नमुना?"

"तुझा चालत नाही ना. पुरुषांचाच लागतो."

ते खरं होतं. बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जाणारा एक धागा ही चाचणी तपासते, आणि तो धागा बायकांमध्ये नसतो. महरीन ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. यासीनने सांगितल्यावर मात्र तिला हसू आलं.

सहा घरं चार रविवारांत झाली. तिच्या अब्बांनी तर टीव्हीवरची नजर न काढता तोंड उघडलं. सातवं घर नाट्याचे गुलाम रसूल चाचा. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली आणि शेवटची अकरा वर्षं स्वतः सारंग म्हणून. सगळ्या सारंगांत त्यांचं घर वडीलधारं, म्हणून कोणत्याही निकाहात पहिली बैठक त्यांची. खानदानाचा शजरा, म्हणजे वंशावळ, त्यांच्याकडे होती. आठ पिढ्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती.

"लिहून ठेवलेलं असताना थुंकी कशाला तपासायची गो?" त्यांनी विचारलं.

"थुंकी नाही चाचा, गालातल्या पेशी."

"तेच ते." मग थोडं थांबून म्हणाले, "घे. यासीनचा हट्ट आहे ना. एकदा कळू दे त्या मंडपातल्या शहाण्याला."

आठवा नमुना कोणी मागितला नव्हता. लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या विनीत सारंगने कुठून तरी ऐकून यासीनला मेसेज केला, की आम्ही हिंदू, खेडकडचे, पण आडनाव तेच, आम्हाला घ्याल का? यासीनने त्यालाही घेतलं, आणि खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही घातलं.

निकाल दहा आठवड्यांनी आले. खात्याचा पासवर्ड महरीनकडे होता. दोन तासिकांमधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून तिने पान उघडलं. प्रयोगशाळेने सदतीस खुणा तपासल्या होत्या. सहा घरांच्या खुणा छत्तीस-सदतीस जुळत होत्या. सहाही घरं एकाच माणसाची, यासीन जिंकला होता. विनीतचं कोणाशीच जुळलं नव्हतं, ते अपेक्षितच होतं.

गुलाम रसूल चाचांच्या खुणा जुळल्या होत्या एकोणीस.

तिने आकडा पुन्हा पाहिला. मग डब्यांचे क्रमांक वहीशी ताडून पाहिले. क्रमांक बरोबर होते. प्रत्येक डब्यातून दोन काड्या पाठवलेल्या असतात, म्हणून तिने प्रयोगशाळेला दुसरी काडी तपासायला लावली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तेच.

"मग नमुना खराब झाला म्हणूया," यासीन म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "सहा घरांचं ग्रुपवर टाकतो. चाचांचं राहू दे."

"ते म्हणतील, परत घे. मग?"

"परत खराब झाला म्हणू. महरीन, ते शजरा सांभाळतात. या वयात त्यांना काय सांगणार? तुम्ही आमचे नाही?"

"असं कोण सांगतंय," ती म्हणाली. पण दुसरं कसं सांगायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

चार दिवस तिने काही केलं नाही. वर्गात मुलांना शिकवताना तिच्या मनात येई, की खोटं बोलायला सोपं आहे, ते चाचांना कळणारही नाही. पण काडी त्यांच्या तोंडातून गेली होती. निकाल त्यांचा होता. तो आपण दाबून ठेवायचा आणि त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचा, हे तिला जमणार नव्हतं. रविवारी सकाळी ती पावस-आडिवऱ्याच्या रस्त्याने स्कूटर घेऊन नाट्याला गेली.

चाचा घरासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून मिक्सरचा प्लग उघडून बसले होते. जहाजावरून उतरल्यापासून शेजारपाजारचं बिघडलेलं सगळं त्यांच्याकडेच यायचं.

"आला काय निकाल?" त्यांनी स्क्रू तोंडात धरूनच विचारलं.

"आला. सहा घरांचं जुळलं." ती समोरच्या पायरीवर बसली. "तुमचं नाही जुळलं चाचा. मी दोनदा तपासून घेतलं."

चाचांनी तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला. आत सुनेने नळ सोडला, बंद केला.

"म्हणजे माझ्या आईवर..."

"नाही," महरीन घाईने म्हणाली. "तसं काही त्यातून कळत नाही. कुठल्या तरी पिढीत धागा तुटलाय एवढंच. तुमच्या वडिलांच्या आधी, आजोबांच्या आधी, कुठेही. कोणी मूल वाढवायला घेतलं असेल. कोणा विधवेशी लग्न झालं असेल आणि मूल सोबत आलं असेल."

"कुठे तुटला ते कळतं?"

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "कळू शकतं. तुमच्या आजोबांच्या भावाच्या वंशातला कोणी पुरुष असेल तर त्याची तपासणी करायची. त्याचं इतरांशी जुळलं, तर तुटलंय ते तुमच्या आजोबांपासून खाली. त्याचं तुमच्याशी जुळलं, तर त्यांच्याही वर."

चाचांनी प्लग बंद केला, वायर ओढून पाहिली आणि मिक्सर बाजूला ठेवला.

"आजोबा दाऊद. त्यांचा धाकटा भाऊ युसूफ. तो बायकोच्या गावाला बुरोंडीला जाऊन राहिला. त्याच्या मुलाचा मुलगा अनस तिथेच असतो, होडी आहे त्याची. आणि युसूफची मुलगी सकिना फुफी अजून हयात आहे." ते उठले. "एक काडी शिल्लक आहे का तुझ्याकडे?"

"मागवता येईल. पण चाचा, तुम्हाला नको असेल तर इथेच थांबू."

"अर्ध्या दर्यात इंजिन बंद करतात काय?" ते म्हणाले. रागाने नाही. "तेवढं यासीनला सांग, माझा निकाल ग्रुपवर मीच घालीन. तोपर्यंत गप्प बस म्हणावं."

महिनाभराने ते दोघे भाड्याच्या गाडीने निघाले. जयगडला फेरीबोटीत गाडी चढली तेव्हा चाचा उतरून कठड्याशी उभे राहिले. दाभोळच्या खाडीतही तसेच. वाटेत एकदाच म्हणाले, "पंजोबा इब्राहिमांच्या शिडाच्या फतेमारीवर मंगळुरी कौलं यायची. या सगळ्या बंदरांत त्यांना ओळखायचे." आणि मग थोड्या वेळाने, "माझे पंजोबा म्हणायची सवय आहे बघ."

"सवय कशाला मोडायची," महरीन म्हणाली.

बुरोंडीला अनसने काही न विचारता गालात काडी फिरवून घेतली आणि मासळीच्या लिलावाला निघून गेला. सकिना फुफी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पण पाठ सरळ. तिने महरीनच्या हातातली, काडी ठेवलेली नळी उन्हाकडे धरून पाहिली.

"हे कशासाठी?"

महरीन काहीतरी गुळमुळीत सांगणार होती. चाचांनीच सांगितलं. सरळ, जहाजावर रिपोर्ट द्यावा तसं. सात घरं, सहा जुळली, माझं नाही.

फुफीने नळी परत दिली. "त्याला एवढी यंत्रं कशाला? मला विचारायचं."

दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"तुझा आजा दाऊद, तो इब्राहिमबाबांच्या पोटचा नव्हे," ती म्हणाली. "फतेमारीवर जेवण रांधणारा एक माणूस होता. त्याची बायको आधीच गेलेली, दोन वर्षांचं पोर तो बरोबर घेऊन फिरायचा. एका सालाला पटकीत तो गेला. बाबांनी पोराला घरी आणलं. रुकय्यादादीच्या लग्नाला आठ वर्षं झालेली, कूस उजवलेली नाही. तिने पोर घेतलं ते घेतलंच. चार वर्षांनी माझे बाप युसूफ झाले. तरी मोठा तो मोठा. फतेमारी दाऊदलाच दिली."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने. आईला रुकय्यादादीने. दादी म्हणाली होती, घरात भांडण झालं आणि कोणी दाऊदला टोचून बोललं, तर तू त्याचं तोंड धर. म्हणून एका सुनेला ठाऊक असावं. आईने मला सांगितलं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी टोचून बोललंच नाही."

चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते दाबले गेलेले महरीनला दिसले.

"त्या माणसाचं नाव काय?"

"ते नाही ठाऊक रे."

"गाव? मुसलमान होता ना?"

"आई एवढंच म्हणायची, की त्याच्या हातच्या बांगड्याच्या कालवणाची बाबा मरेपर्यंत आठवण काढायचे. बाकी तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

 चाचा हळू म्हणाले, "पोर वाढवणं सवाबाचं, पुण्याचं काम. पण त्याच्या बापाचं नाव पुसून आपलं लावायचं नसतं, फुफी. तो त्याचा हक्क असतो. बाबांनी तेवढं चुकीचं केलं."

"केलं असेल," फुफी म्हणाली. "ते आणि त्यांचा अल्ला बघून घेतील. तू आधी जेव. सांदणं केलीत, गार होतील."

चाचा जेवले. महरीनला वाटलं होतं ते खाणार नाहीत, पण त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

अनसचा निकाल आला तो फुफीने सांगितल्याप्रमाणेच. सहा घरांशी सदतीसच्या सदतीस. त्याच संध्याकाळी चाचांनी महरीनला नाट्याला बोलावलं आणि तिच्यासमोर ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. त्यात त्यांनी आकडे सांगितले, फतेमारी सांगितली, रुकय्यादादीचं नाव घेतलं. शेवटी म्हणाले, "तर वडीलधारं घर म्हणून मी इतकी वर्षं पहिला बसत आलो. तो मान रक्ताने माझा नव्हता. यापुढे तुम्ही ठरवाल तसं. शजरा मी यासीनच्या हवाली करतो."

ग्रुपवर एकशे साठ माणसं. दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. एरवी सकाळी सातपासून फुलं आणि दुवा सुरू होत. चाचा दर तासाला फोन उघडून बघत आणि बंद करून ठेवत, हे सुनेने महरीनला सांगितलं. महरीनला पहिल्यांदाच वाटलं, की यासीनचं ऐकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सर्वांत आधी लिहिलं ते लोट्याच्या विनीतने, आणि तेही थेट महरीनला. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून. 'ताई, माझं तर कोणाशीच जुळलं नाही, तरी मला ग्रुपमधून काढलेलं नाही. काकांना सांगा.' तिने चाचांना फोन करून ते वाचून दाखवलं. ते थोडे हसले.

दुपारी जैतापूरच्या घरातून निरोप आला. सात घरांत चाचांच्या खालोखाल वयाने मोठे असलेले तिथले बाबामियाँ. पहिली बैठक आता रीतीने त्यांच्याकडे जायची. त्यांनी लिहिलं होतं, 'गुलामभाई, बारा तारखेला आमच्या नातीचा निकाह. मांडववाला ऐकत नाही, तुम्ही सकाळीच या. शजऱ्याचं यासीन सुट्टीत आल्यावर बघू. त्याला निम्मी नावं वाचता येत नाहीत.' त्यानंतर एकामागून एक निरोप आले. दोघांनी ग्रुप सोडला. त्यांची नावं चाचांनी कधी काढली नाहीत.

शजरा यासीनकडे गेला नाही. चाचांनी दाऊदच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'इब्राहिम सारंग आणि रुकय्या यांनी वाढवला.' वडिलांच्या नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली. मग त्यांना जाणवलं, की रुकय्या हे त्या मोठ्या कागदावरचं पहिलंच बाईचं नाव आहे. तेव्हापासून ते जुम्म्याच्या दिवशी सकिना फुफीला फोन लावतात आणि विचारून विचारून एकेकीचं नाव मिळवतात. फुफी कधी चार नावं एकदम सांगते, कधी म्हणते आज आठवत नाही, पुढच्या जुम्म्याला कर.

शाबानमध्ये, रमजानच्या आदल्या महिन्यात, महरीन अब्बांना घेऊन नाट्याला गेली होती. मगरीबच्या नमाजानंतर चाचांच्या घरी फातिहा होती. उदबत्ती लावून चाचा खानदानातल्या गेलेल्यांची नावं घेऊ लागले. दरवर्षी घेत त्याच क्रमाने, यंदा फक्त मधेमधे बायकांचीही. इब्राहिम झाले, रुकय्या झाली, दाऊद झाले. तिथे ते थांबले. सगळ्यांनी मान वर करून पाहिलं.

"आणि दाऊदच्या वडिलांसाठी," चाचा म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.