दोन प्रोसेसर आणि एक मुकादम

मी एक जुना, दोन प्रोसेसरचा संगणक आहे. हिवरे बाजारच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहतो. मित्रांनो, मला कशाचं फारसं काही वाटत नाही. पुण्याच्या एका कचेरीनं मला काढून टाकलं, तेव्हाही वाटलं नव्हतं.

प्रोसेसर दोन, पण राबायचा एकच. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा मुकादम असतो, तो कामं वाटतो. माझ्या मुकादमाला दुसऱ्या गड्याची ओळखच नव्हती. वर्षानुवर्षं माझा अर्धा भाग बधिर पडून होता.

यंदा ग्रामसभेला विहिरींच्या पाण्याचा नकाशा हवा होता. नळ आधी कुठल्या वस्तीला न्यायचा, ते त्यावरून ठरणार होतं. पंधरा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आणि सभा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. एकट्या प्रोसेसरला अडीच दिवस लागले असते. म्हणून शाळेत संगणक शिकवणाऱ्या कृपा मॅडमनी दोघांनाही कामाला जुंपणारा नवा कर्नल घडवायला घेतला. ह्याला कंपाईल करणं म्हणतात. सकाळभर मी नुसता तापत होतो. दुपारी जुना कर्नल पुसून त्यांनी नवा बसवायला लावला आणि त्या जेवायला गेल्या.

तेवढ्यात शाळेच्या शिपाई झुंबरबाई आल्या. त्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं राबवायची नाहीत, पुजायची. त्यांनी बटण दाबून मला बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. अगदी मायेनं.

मॅडमनी परत येऊन मला चालू केलं, तर मी उठेचना.

"मावशी, तुम्ही बंद केला होता?"

"व्हय. सनाच्या दिशी बी राबतोय, म्हनलं घडीभर इसावा घेऊ दे."

"अहो, कर्नल अर्धाच बसला होता! तुमच्याच वस्तीच्या नळाचं काम आहे हे."

झुंबरबाईंनी घाईघाईनं माळ काढून घेतली. त्यांचं तोंड बघून मॅडमचा राग ओसरला. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या, "जुना ठेवायला हवा होता."

पेनड्राइव्हवरून मला जागं करून त्यांनी कर्नल पहिल्यापासून घडवला. झुंबरबाई बटणापाशी स्टूल टाकून बसल्या, चहालाही उठल्या नाहीत. संध्याकाळी माझा दुसरा गडी पहिल्यांदाच कामाला लागला. आनंद झाला असं सांगायला हवं, पण नुसती पंख्याची घरघर वाढली.

नकाशा वेळेत निघाला. सगळ्यात आधी आटणाऱ्या विहिरी झुंबरबाईंच्या वस्तीत होत्या. सभेनं नळ तिकडेच न्यायचं ठरवलं.

मित्रांनो, नवा कर्नल नीट चालेपर्यंत जुना पुसू नका. आणि यंत्राला माळ घालण्याआधी ते काय करतंय, एवढं विचारा. आम्हाला दुखत नाही. पण आमच्या पोटात कुणाचं तरी पाणी असतं.