तीनात चार मिळवायचे

शनिवारी सकाळी माझ्या बाळाला, मिलाला, भरवत होते, तेवढ्यात ईरोचा फोन आला. ईरो माझा धाकटा भाऊ. एकोणतीस वर्षांचा, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटा राहतो.

"हायडी, कामात आहेस का?"

"नाही रे. बोल."

"विशेष काही नाही. माझ्या पोटात काँक्रीट ओतलंय."

"कुणी?"

"ते ठाऊक नाही. पण आता घट्ट बसलंय."

ईरोला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. तेव्हापासूनच्या आठ वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे: कुणी केलं याबद्दल ईरो हमखास चुकतो, कुठे झालंय याबद्दल कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी त्याच्या कानात मुंग्या सोडल्या होत्या. शेजारी निर्दोष होते, कान मात्र पुवाने भरला होता.

मिलाला गाडीत बांधलं आणि त्याला घ्यायला गेले. तो पायरीवर वाकून बसला होता. गाडीत विचारलं, "पोट साफ कधी झालं होतं?"

त्याने बोटांवर मोजलं. "मंगळवारी. हा नाही, त्याच्या आधीचा."

अकरा दिवस. मी मिलाच्या प्रत्येक लंगोटाची फोनमध्ये नोंद ठेवते, रंगासकट. नवरा मालवाहू बोटीवरून फोन करतो तेव्हा मी त्यालाही ती वाचून दाखवते आणि तो म्हणतो, "हायडी, जरा बाळाबद्दल सांग ना." आणि ज्या गोळ्यांनी आतडी झोपतात असं मी स्वतः वाचलं होतं, त्या घेणाऱ्या भावाला मी अकरा दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. त्याच गोळ्यांसाठी दर महिन्याला मी त्याला रक्त तपासायला नेते. सगळे रक्ताबद्दल विचारतात. रक्त छान असतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही तातडीच्या विभागात पोचलो. खिडकीशी नर्स डोरीन होती. गावातलीच, शाळेत आईबरोबर असलेली. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"आज कोण? तू की मिला?"

थंडी सुरू झाल्यापासून मिलाला घेऊन माझ्या सहा फेऱ्या झाल्या होत्या. सहाही वेळा मिलाला काही नव्हतं.

"ईरो," मी म्हटलं. "पोट दुखतंय. अकरा दिवस साफ झालेलं नाही. सकाळी उलटी झाली."

डोरीनने नाव टाकलं आणि पडद्यावर पिवळी पट्टी आली. तीन वर्षांपूर्वी त्याने इथे एक खुर्ची फेकली होती, तेव्हापासून ती येते. पट्टी पाहिली की माणसांचा आवाज बदलतो, हळू आणि गोड होतो.

"ईरो, राजा, दुखणं दहापैकी किती?"

"तीन."

"आणि काय होतंय?"

"काँक्रीट ओतलंय," ईरो म्हणाला.

तिने ते टाइप केलं. मला टाइप होताना दिसत होतं.

आम्हाला त्या कोपऱ्यातल्या खोलीत नेलं, जिथे भिंतीवर काहीच नाही, यंत्र नाही, नळी नाही, फेकता येईल असं काही नाही. दाराबाहेर रखवालदार खुर्ची टाकून बसला. ईरो त्याला म्हणाला, "आज मी काही फेकणार नाही. वाकताच येत नाहीये." रखवालदार हसला. भला माणूस होता, दुपारपर्यंत त्याने मिलाला दोनदा कडेवर घेतलं.

डॉक्टर साडेदहाला आले. डॉ. प्रेस्कॉट, शहरातून फक्त शनिवार-रविवार येणारे. दारातच उभे राहून त्यांनी ईरोला विचारलं की आवाज ऐकू येतात का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का.

"पोट दुखतं," ईरो म्हणाला.

"काँक्रीटबद्दल सांगा मला."

"कडक आहे."

"डॉक्टर," मी म्हटलं, "या गोळ्यांनी आतडी बंद पडू शकतात. एकदा पोटाचा फोटो काढता का?"

"मानसोपचाराचे डॉक्टर दुपारी दोनला व्हिडिओवरून पडद्यावर येतील. आधी ते बघतील, मग आपण बाकीचं ठरवू."

"पोट दोन वाजेपर्यंत थांबेल का?"

हे बोलायला नको होतं. माझा आवाज चढला तशी मिला रडायला लागली. डॉक्टरांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुम्हाला स्वतःला काही औषधं चालू आहेत का?"

आहेत. बाळंतपणानंतर काळजी आवरेना म्हणून रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी घेते. मी "हो" म्हटलं. ते समजूतदारपणे मान हलवून निघून गेले. त्या क्षणापासून खोलीत दोन रुग्ण होते आणि दोघांचंही ऐकायचं नव्हतं.

मग मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. दर अर्ध्या तासाने खिडकीशी जायचं, हसायचं, "कृपया" म्हणायचं. डोरीनही दर वेळी हसायची. "नोंद आहे गं तुझी." बाराला ईरोला पुन्हा उलटी झाली, तपकिरी, घाण वासाची. नव्या नर्सने ती पुसली आणि विचारलं, "त्याने काही भलतंसलतं खाल्लंय का?" दोनला पडद्यावरचे डॉक्टर आले नाहीत, आता चारला येणार होते.

सव्वातीनला ईरो बोलायचा थांबला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. प्रेस्कॉट दारातून डोकावले आणि म्हणाले, "शांत झालाय. छान."

तो शांत झालेला नव्हता. त्याचे ओठ राखाडी झाले होते. मिलाला ताप आला की मी तिच्या ओठांकडेच बघत बसते. सगळे मला त्यावरून हसतात, पण ओठ मला कळतात.

मी खिडकीशी गेले. या वेळी हसले नाही.

"डोरीन, माझे बाबा ओंडक्याखाली पाय सापडून आले होते तेव्हा खिडकीत तूच होतीस. किती म्हणाले होते?"

"कशाला आता ते?"

"किती?"

"तीन," ती म्हणाली.

"आणि तू काय केलंस?"

आमच्या गावात कुणी तीनच्या वर जात नाही. खाणीतल्या लोकांची नातवंडं आम्ही, कळवळणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात चिखलाचे बूट घालून शिरणं. डोरीनला हे पाठ आहे. ती बाहेरच्या नर्सना शिकवते: इथल्या माणसाने तीन म्हटलं की चार मिळवायचे आणि धावायचं.

"गावात सगळ्यांच्या तीनात तू चार मिळवतेस," मी म्हटलं. "ईरोच्याच का नाही मिळवलेस? तो काय परगावचा आहे?"

तिने पडद्याकडे पाहिलं. पिवळी पट्टी तिथेच होती. मग ती उठली, मला ओलांडून कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि ईरोचा शर्ट वर केला. सकाळपासून त्या पोटाला कुणीही हात लावला नव्हता. ते ताणलेलं, चकचकीत होतं. तिने बोटांनी दाबलं. ईरोच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे देवा," डोरीन हळूच म्हणाली. "हे खरंच दगड झालंय." मग दारातून ओरडली, "प्रेस्कॉट. आत्ता, या क्षणी."

तिचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चढला होता. तिला कुणी औषधं विचारली नाहीत.

पावणेचारला फोटो निघाला, पाचला ऑपरेशन. मोठं आतडं फुगून एका जागी फाटलं होतं. त्यातलं बरंचसं काढावं लागलं. ईरो वाचला. आता त्याच्या पोटावर शौचाची पिशवी आहे, ती कदाचित कायमची. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंना मी विचारलं, सकाळीच फोटो निघाला असता तर? त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली, हे मी विसरणार नाही. म्हणाल्या, "सकाळी ते बहुतेक फाटलेलं नव्हतं."

अकरा दिवस माझे आहेत, ते मी कुणावर ढकलत नाही. पण नऊ वाजून दहापासून पावणेचारपर्यंतचे तास माझे नाहीत.

तेराव्या दिवशी घरी सोडताना त्यांनी कागद दिले. ईरो कपडे घालत होता तोवर मी वाचले. 'मानसिक आजारामुळे रुग्णास लक्षणे सांगता आली नाहीत व तो उपचारासाठी उशिरा आला.' त्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, आल्याची वेळ छापली होती.

मी नोंदींच्या खिडकीशी गेले. तिथल्या मुलीने दुरुस्तीचा अर्ज काढून दिला आणि सांगितलं की उत्तराला महिना लागतो, शिवाय डॉक्टरांना पटलं नाही तर मजकूर तसाच राहतो.

"मग माझ्या अर्जाचं काय होतं?"

"तो मागे जोडतात."

"कुणी वाचतं?"

ती कसनुसं हसली. मी बाकावर बसून लिहायला घेतलं. मिला पेन ओढत होती. ईरो पोट सांभाळत माझ्याशेजारी टेकला.

"काय लिहितेयस?"

"तू किती वाजता आलास ते."

"आणि मी सांगितलं होतं, तेही लिही. दोघांना सांगितलं होतं."

अर्जात त्यासाठी दोनच ओळींची जागा होती. मी पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली.